शब्दचर्चा : दिवस ‘सरतात’ की ‘भरतात’?

गावभाग, सांगली
आमच्या वाचनगटात या महिन्यात टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ सालची दीर्घकथा वाचली. टिपण लिहायचं काम माझ्याकडं आलं आणि पहिल्याच वाक्याला अडले. ‘मर्यादित वेळात जगण्याचा अर्थ शोधणारी कथा’ असं लिहिलं, पण ‘मर्यादित वेळ’ म्हटलं की सणासुदीची सवलत डोळ्यांपुढं येते. मरणाच्या दारातलं माणूस असं बोलत नाही. माझी आजी शेवटच्या दुखण्यात म्हणायची, ‘दिवस भरत आले गं आता.’ सरत आले नाही, भरत आले. बाळंतपण जवळ आलेल्या बाईलाही आपण हेच म्हणतो. मरणाला ‘भरणं’ का म्हणत असतील? आणि ‘सरणं’ त्याहून वेगळं कसं?

हरिपूर
ताई, ‘घटका भरली’ हे घटिकापात्रावरून आलं. ‘दिवस भरले’ हेही त्याच साच्यातलं असावं असं मला वाटतं. आमचे आजोबा लग्नं लावायचे. घंगाळात पाणी, त्यावर तांब्याची पातळ वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. २४ मिनिटांत वाटी भरून बुडायची, की एक घटका झाली. दिवसरात्रीच्या अशा ६०. लहानपणी मी ते बघत बसायचो. शेवटी शेवटी वाटीचा काठ पाण्याला टेकतो, क्षणभर आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत दिसतं, आणि वाटी आवाज न करता खाली जाते. वाळूच्या घड्याळात वरचा भाग रिकामा होतो. आपलं पात्र भरतं आणि मग बुडतं. वेळ संपण्याचं हे चित्र ज्या भाषेत आहे, तिच्यात मरण म्हणजे नुसतं रितं होणं नाही.

जत
आमच्याकडं हा शब्द रानातला आहे. शाळूच्या कणसात आधी दूध धरतं, मग हुरडा होतो, मग दाणा भरतो आणि टणक होतो. भरल्याशिवाय काढणी नाही. म्हातारं माणूस गेलं की आमच्यात म्हणतात, ‘भरलं होतं, गेलं.’ तरणा पोरगा गेला तर मात्र ‘भरल्या ताटावरनं उठला.’ म्हणजे ताट भरलेलं, माणूस भरायचा राहिलेला. माझा चुलतभाऊ असाच गेला. तेव्हापासनं हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

मिरज
एक शंका. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो, नारळही वाढवतो. अशुभ बोलायचं टाळतो. ‘भरणं’ही तसंच सावरून बोलणं नसेल? पण भांडणात ‘तुझे दिवस भरलेत’ म्हणतात तेव्हा काही सावरलेलं नसतं, म्हणून माझी शंका मलाच पुरती पटत नाही.

‘सरणं’चं म्हणाल तर त्यात पुढं जाणं आणि संपणं दोन्ही आहे. माणूस बाजूला सरतो, वर्ष सरतं, डब्यातलं पीठ सरतं. आपोआप होणारी गोष्ट आहे ती. त्यासाठी कुणी काही करावं लागत नाही.

आपल्या सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या ‘ययाति’साठी जी महाभारतातली गोष्ट घेतली, ती इथं आठवावी. मूळ कथेत ययातीनं मुलाचं तारुण्य मागून घेतलं आणि हजार वर्षं भोगलं. तरी तृप्ती नाही. हजार वर्षं सरली, भरली नाहीत. वेळ वाढवून मिळाला की आयुष्य भरतं, ही समजूत ती गोष्ट पार मोडून काढते. मला वाटतं मरणावरच्या चांगल्या कथा-कादंबऱ्या याच दोन क्रियापदांच्या मधे घडतात.

गावभाग, सांगली
दादा, तुमच्या भावाचं वाचून थांबलेच. ते वाक्य मी टिपणात वापरणार नाही.

मिरजेचं पटलं. इव्हान इलिच न्यायाधीश. बढत्या, नवं घर, घराचे पडदे. पडदे लावतानाच कुशीला मार बसतो आणि दुखण्याची सुरुवात तिथून होते. पंचेचाळीस वर्षं नुसती सरली. शेवटचे तीन दिवस तो ओरडत असतो. मरणाआधी दोन तास त्याचा हात शाळकरी मुलाच्या डोक्यावर पडतो. पोरगं तो हात ओठांना लावून रडतं. पहिल्यांदाच त्याला स्वतःपेक्षा दुसऱ्याची कीव येते. इथं मी ‘भरून पावला’ लिहिणार होते.

मिरज
तेवढं नको. ‘भरून पावलो’ हे ज्यानं त्यानं स्वतः म्हणायचं असतं. बघणाऱ्यांना तर त्याचे हालच दिसत होते.

गावभाग, सांगली
बरोबर आहे, खोडते. आता असं केलंय : ‘पंचेचाळीस वर्षं सरली, भरले ते शेवटचे दोन तास.’ पण ‘तास भरले’ म्हटलं की कार्यालयातली हजेरी वाटते. काय करू?

हरिपूर
घटका लिहा ताई. दोन तासांच्या बरोबर पाच होतात.