दातांना तार, तोंडात फोड: तुमचे अनुभव लिहा

साखळीवाली
पोरीच्या दातांना नुकतीच तार बसवली. दात ठणकणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं, ते लवकर निवलंही. पण आता गालाच्या आतून आणि खालच्या ओठाला फोड आलेत, मध्ये पांढरट, कडेला लालभडक. हुमणाचं (माशांच्या कालवणाचं) नाव काढलं तरी तोंड फिरवते, उकड्या तांदळाची पेज आणि दही यांवर चाललंय. मेणाची डबी मिळालीय, पण लावलेलं मेण तासाभरात निसटतं. आजी म्हणते जाईचा पाला चावायला दे. काका म्हणतात फेणीच्या गुळण्या (काकांचा सगळ्या दुखण्यांवर हाच इलाज). ज्यांनी हे सोसलंय किंवा घरात बघितलंय त्यांनी लिहा. औषध सुचवलंत तर कुठल्या वयाला तेही सांगा, माझी तेरा वर्षांची आहे.

तिसवाडीकर
मेण निसटतं कारण ब्रॅकेट (तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेला तुकडा) ओलं असतं. आधी ब्रश करून अडकलेलं अन्न काढायचं, मग ओठ बोटाने ओढून धरायचा आणि टिश्यूने तेवढाच भाग टिपून कोरडा करायचा. मेण वाटाण्याहून लहान घ्या. दोन बोटांत मळून मऊ झालं की ब्रॅकेटवर दाबा, तारेच्या वर-खाली जरा सरकवून बसवा. मग त्यावरून जीभ फिरवायची. जिभेला टोचलं नाही तर गालालाही टोचणार नाही. जेवताना काढायचं, जेवल्यावर नवीन लावायचं. बारीक तुकडा चुकून गिळला गेला तरी घाबरू नका. रात्री मात्र लावाच, झोपेत गाल ब्रॅकेटवर दाबून राहतो.

फोडावर कितीही जेल चोपडा, घासणारी धार तशीच असेल तर दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

म्हापशेकर बाय
फेणी नको गं बाई! उघड्या जखमेवर अल्कोहोल म्हणजे नुसती आग. अल्कोहोलवाले माउथवॉशही नकोत. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा खळखळून थुंकायचं. पहिली गुळणी झोंबते, नंतर बरं वाटतं.

तोंड आलं की आमच्याकडेही जाईचाच पाला. पण तार असताना चावला की चोथा ब्रॅकेटमध्ये अडकतो आणि तो काढताना गाल आणखी खरचटतो. पाला उकळून, गाळून, गार झालेल्या पाण्याच्या गुळण्या करायला द्या. आजीही खूश.

जत्रेतला नट
मी नोकरीला लागल्यावर तार बसवली आणि त्याच वर्षी गावच्या जत्रेतल्या नाटकात भूमिका मिळाली. संगीत नाटक नव्हतं हे नशीब. लांबलचक स्वगत, त्यात प्रत्येक ‘प’ आणि ‘ब’ला ओठ ब्रॅकेटवर आपटायचा. सगळीकडे मेण लावलं तर तोंड फुगलेलं दिसतं आणि ‘श’ची शिट्टी होते, म्हणून फक्त सुळ्यांवर पातळ थर लावायचो, तेच सगळ्यांत पुढे आलेले असतात. तोंड कोरडं पडलं की जास्त सोलतं, तेव्हा विंगेत पाण्याची बाटली. तालमीनंतर फोडाला खोबरेल. आधी लावू नका, तेलकट ब्रॅकेटवर मेण धरत नाही.

काणकोणकर
मुलगा फुटबॉल खेळत असेल तर तारेसाठीचा वेगळा माउथगार्ड डॉक्टरांना विचारून घ्या. उकळून चावून बसवायचा साधा नको, दात सरकत असतात. आमच्याकडे चेंडू तोंडावर बसला आणि ओठ आतून फाटला, मग सुचलं.

फोंड्याहून
साखळीवाली ताई, फोड नेमका कुठे आहे बघा. पुढे ओठाला असेल तर ते ब्रॅकेटचं काम. शेवटच्या दाढेमागे असेल तर ते तारेचं टोक, त्याला मेण पुरत नाही. वेडेवाकडे दात सरळ होत जातात तशी तार मागून बाहेर येते, सुरुवातीची बारीक तार तर एका बाजूला घसरतेसुद्धा. मोबाइलचा टॉर्च लावून, चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला करून बघा. माझ्या गालात टाचणीएवढं टोक रुतलं होतं आणि मी बापडी मीठपाणी करत बसलेली. दवाखान्यात यासाठी वेगळी पक्कड असते, कापलेला तुकडा तिच्यातच धरला जातो, घशात जात नाही. पुढच्या तारखेची वाट बघू नका, फोन करून मध्येच जा. घरी नेलकटर नको.

साखळीवाली
बघितलं. डावीकडे टोक आहे. उद्याच नेते. टिश्यूने टिपून लावलेलं मेण मात्र सकाळपर्यंत टिकलं.

बांबोळीची विद्यार्थिनी
दंत महाविद्यालयात शिकते, डॉक्टर अजून नाही. औषधाच्या दुकानात ‘तोंडाला लावायचा जेल’ मागितला तर पुष्कळदा कोलीन सॅलिसिलेट आणि लिग्नोकेनचा (बधिर करणारं औषध) मिळतो. सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या घराण्यातलं. रे सिंड्रोमच्या (मुलांच्या मेंदूला आणि यकृताला होणारा दुर्मीळ पण गंभीर आजार) भीतीपोटी ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००९ साली असे जेल सोळा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका म्हणून सांगितलं. तेव्हा तेरा वर्षांच्या मुलीला आपल्या मनाने नको. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक माउथवॉश) फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि ब्रॅकेटच्या कडेचे डाग घासून काढणं जिकिरीचं. सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारं रसायन) नसलेली टूथपेस्ट काहींना मानवते.

घासण्याने आलेला फोड साधारण आठ-दहा दिवसांत भरतो आणि गालही हळूहळू सरावतो. दोन आठवड्यांवर राहिला तर दाखवाच. तार टेकत नाही अशा जागी पुन्हा पुन्हा येत असेल तर बी१२ आणि लोह तपासा.

पेडणेकर
खाण्याचं कुणीच नीट लिहिलं नाही! सोलकढी थंड असली तरी आंबट, वर मिरची-लसूण, फोडावर झोंबते. पोदेराची (पाववाल्याची) काकणं, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, आवडत असतील तर चहात पूर्ण मऊ होऊ द्या, पावाचा आतला भाग खा, कडक कड सोडा. मानकुराद आंबा कापून द्या, बाठ चोखायला नको. चवथीच्या नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) कडा तर गालाला लागतातच, आमच्या पोराला सारण वाटीत वेगळं काढून देतात. त्याला सगळ्यांत मानवली ती गार शहाळ्याची मलई. तार निघाली तरी साहेब अजून तीच मागतात.