मदत हवी आहे: नायट्रो ट्रक गरम झाला की बंद पडतो, सुई कितीही फिरवली तरी (नाशिक)

द्राक्षपट्टा
नमस्कार मंडळी. १/८ स्केलचा, रिमोटवर पळणारा नायट्रो मॉन्स्टर ट्रक आहे. इंजिन .२१ चं, म्हणजे साधारण साडेतीन सीसी, दोरी ओढून चालू करायचं. ट्रक सेकंडहँड घेतलाय. इंधन २० टक्के नायट्रोचं (मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण), डबा नवा, सील माझ्यासमोर फुटलंय. मखमलाबादकडे चुलत्यांची बाग काढून टाकलेली जमीन रिकामी पडलीय, तिथे पळवतो. गंगापूर रोडच्या सोसायटीत हा आवाज काढला तर दुसऱ्या दिवशी चेअरमन दारात उभे.

थंड इंजिन दोन-तीन ओढीत सुरू होतं, आयडलही छान. सुरुवातीला ट्रक झकास पळतो, मागे निळसर धुराची रेघ. मग लांब रेस देऊन ट्रिगर सोडला की आवाज खाली यायलाच तयार नाही. चार-पाच सेकंद किंचाळत राहतो, मग धाडकन उतरतो आणि बऱ्याचदा तिथेच बंद. टाकी अर्ध्याखाली गेली की हा प्रकार जास्त. गरम असताना कितीही दोरी ओढा, ढिम्म. अर्धा तास सावलीत ठेवला की लगेच चालू.

हेडवर टेंपरेचर गन धरली तर १३५ अंशांच्या पुढे. हाय स्पीड नीडल (जास्त रेसला इंधन किती जायचं ते ठरवणारी सुई) पाव फेरा उघडली की तापमान उतरतं, पण मग खालच्या रेसला गुदमरतो, भसाभस धूर. आज बसवलेली सेटिंग उद्या लागू पडत नाही. ग्लो प्लग बदलला, एअर फिल्टर धुऊन तेल लावून बसवला. आता कुठे बघू?

सिडकोचा_बॅटरीवाला
ब्रशलेस मोटरवाला, बॅटरीचा ट्रक घ्या राव. चार्ज करा, पळवा, घरी या. हाताला एरंडेलाचा वास नाही.

द्राक्षपट्टा
वासासाठीच तर घेतलाय भाऊ.

टॉप_गिअर_पंचवटी
नायट्रो कमी पडतंय. ३० टक्केवालं टाका. नाहीतर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून बघा, लुनाला चालायचं तसं. स्वस्तही पडेल.

सातपूरचा_फिटर
पंचवटीकर, पेट्रोल अजिबात नको. ह्या इंजिनाला स्पार्क नसतो. प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची वाफ आली की तार लालबुंद राहते आणि त्यावरच पुढचा स्फोट होतो. सुरुवातीला इग्नायटर लावायचा, चालू झालं की काढून घ्यायचा, तो ह्याच कारणाने. पेट्रोलवर हा खेळ होत नाही. आणि ३० टक्के टाकलं तर मूळ दुखणं तसंच राहून वर उष्णता वाढेल.

द्राक्षपट्टा, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, म्हणून बोलायला सोपं आहे. रेस सोडल्यावर आवाज वर लटकतो, म्हणजे त्या क्षणी मिक्श्चर लीन आहे, हवा जास्त आणि इंधन कमी. नुसती सुईची चूक असती तर एकदा सुधारल्यावर तशीच राहिली असती. तुमची सेटिंग रोज पळते. म्हणजे हवा कुठून तरी चोरून आत शिरतेय, आणि इंजिन तापेल तशी भेग कमीजास्त होतेय. गळती असेपर्यंत सुईला हात लावू नका, नाहीतर फिरवतच बसाल.

टाकी अर्धी झाल्यावर त्रास वाढतो ही खूण महत्त्वाची. ह्या गाड्यांत इंधनाला पंप नसतो. सायलेन्सरवरून एक नळी टाकीत येते, तिच्यातल्या दाबाने इंधन कार्बोरेटरपर्यंत ढकललं जातं. झाकणाची रबरी रिंग कडक झाली असेल, नळीला केसाएवढी चीर असेल, तर भरलेल्या टाकीवर निभतं, पातळी उतरली की उपासमार. आधी तेच बघा. एक नळी बंद करा, झाकण लावा, दुसरीतून फुंका आणि टाकी बादलीत बुडवा. बुडबुडे आले की सापडलं.

टाकी शाबूत निघाली तर इंजिनाकडे या. कार्बोरेटर जिथे क्रँककेसमध्ये बसतो त्या मानेची ओ-रिंग, आणि मागची बॅकप्लेट. एक्झॉस्ट आणि कार्बचं तोंड रबरी बुचाने बंद करायचं, इंधनाच्या निपलमधून फुंकायचं आणि सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी. गॅस सिलिंडरची गळती बघतात ना, अगदी तसं. पुढच्या बेअरिंगमधून बारीक फेस येतो, त्याला घाबरू नका, तिथून थोडं निसटतंच. इंजिन पाण्यात बुडवायची हौस करू नका. बुडवलंच तर लगेच वाळवून आफ्टर-रन ऑइल (पळवून झाल्यावर गंजू नये म्हणून टाकतात ते तेल) टाका, छर्रे एका रात्रीत गंजतात.

घाटाखालचा_कल्याणकर
हवामानाचाही विचार करा. माझी कल्याणची सेटिंग मी नाशिकला आणली तर किंचित रिच, म्हणजे इंधन जास्त, वाटते. तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, हवा पातळ. त्यात तुमच्याकडे या दिवसांत सकाळी स्वेटर आणि दुपारी घाम. थंड हवा दाट, तिला इंधन जास्त लागतं. सकाळी सात वाजता बसवलेली सुई दुपारी दोनला रिच वाटणारच.

सातपूरचा_फिटर
बरोबर, पण तो फरक घड्याळाच्या एका तासाएवढा, फार तर दोन. स्क्रूड्रायव्हरची खाच बारावरून एकवर. पाव फेरा म्हणजे तीन तास झाले, एवढा फरक नाशिकच्या उन्हाने पडत नाही. शिवाय तुम्ही म्हणता तसं असतं तर दुपारी रिच व्हायला हवं, यांचं लीन होतंय.

मेरी_कॉलनी
एक सांगतो, विषयाला सोडून आहे. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. पेटलंय हे हात पोळल्यावर कळतं. चुलत्यांच्या जमिनीवर वाळलेल्या काड्या असतील तर पाण्याची बादली जवळ असू द्या. आणि नळी तोंडाने ओढू नका, फुंकायचीच असेल तर आधी धुऊन सुकवून घ्या किंवा सायकलचा पंप वापरा. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात.

द्राक्षपट्टा
सर्वांचे आभार. पंपच वापरला. टाकी कोरडी ठणठणीत, एक बुडबुडा नाही. नळ्या जुन्या होत्या, त्या बदलूनच टाकल्या.

कार्बच्या मानेला साबण लावला आणि पंप दाबला, तर क्लॅम्पच्या स्क्रूच्या बाजूने हे एवढे फुगे! उघडून बघितलं. ओ-रिंग चपटी, एका जागी चक्क तुटलेली, आणि कोणीतरी तिच्यावर फेव्हिक्विकसारखं काहीतरी ओतलेलं. ब्लेडने खरवडून काढलं. अंबडला ऑइल सील विकणाऱ्या दुकानात मापाची ओ-रिंग मिळाली, मिथेनॉल चालणाऱ्या रबराची मागितली. बाहेरच्या कडेला पातळसं हाय-टेंप सिलिकॉन लावून रात्रभर सुकू दिलं. मग हाय आणि लो स्पीड, दोन्ही सुया मॅन्युअलमधल्या मूळ जागी.

आता आवाज लटकत नाही. ट्रिगर सोडला की लगेच खाली. तापमान ११० च्या आसपास स्थिर, टाकी संपेपर्यंत एकसारखा पळतो. फिटर काका, लो स्पीडची सुई बरोबर आहे का ते कळावं म्हणून चालू आयडलला इंधनाची नळी चिमटून बघितली, दोनेक सेकंदांनी आवाज किंचित वर जाऊन बंद पडतो.

पण गरम असताना पुन्हा चालू करायला अजूनही जीव जातो. तेवढं एक राहिलं.

सातपूरचा_फिटर
चिमट्याचं उत्तर अगदी हवं तसं आलं, लो स्पीडला आता हात लावू नका.

गरम स्टार्टचं दुखणं वेगळं असू शकतं. ह्या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो त्या पितळी स्लीव्हला आतून क्रोम, ती वर किंचित निमुळती, आणि पिस्टन वरच्या टोकाला तिच्यात घट्ट रुततो. स्लीव्ह झिजली की थंड असताना कॉम्प्रेशन पुरतं, गरम झाल्यावर स्लीव्ह फुगते आणि दाब निसटतो. तपासा: प्लग काढून थंड इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवा. पिस्टन टोकाला पोचताना अडकल्यासारखा लागला पाहिजे. लोण्यासारखा फिरला तर स्लीव्ह गेली. दुसरी खूण, गरम बंद इंजिनाच्या हेडवर ओलं फडकं मिनिटभर ठेवून दोरी ओढा. झटकन चालू झालं तर तेच.

द्राक्षपट्टा
दोन्ही केलं. फ्लायव्हील वरच्या टोकाला जरासं थबकतं, अडकत मात्र नाही. आणि ओल्या फडक्यानंतर दुसऱ्या ओढीत चालू!

सातपूरला एक लेथवाला म्हणतो, स्लीव्ह बाहेरून दाबून पुन्हा घट्ट करून देतो. द्यावी का?

सातपूरचा_फिटर
त्याच्याकडे स्लीव्ह चहूबाजूंनी सारखी दाबणारे नेमक्या मापाचे कॉलेट असतील आणि ह्या इंजिनावर त्याने आधी केलं असेल तर द्या. ‘बघू, जमेल’ म्हणत असेल तर नको, क्रोमला तडा गेला की पिस्टनही खातो. माझं मत, पिस्टन-स्लीव्हचा जोड मागवा, कनेक्टिंग रॉडही त्यासोबतच बदला. तोवर ओल्या फडक्यावर मजेत पळवा. नवा जोड आला की ब्रेक-इनच्या (नवे भाग हळूहळू रुळवायच्या) वेळी हेअर ड्रायरने हेड तापवूनच पहिली ओढ. थंडीत जबरदस्तीने दोरी ओढली तर नवा रॉडच ताणला जातो.

द्राक्षपट्टा
मागवतो. काका, जोड आला की एखाद्या रविवारी सातपूरला आणू का? बसवताना तुमची नजर हवी.

सातपूरचा_फिटर
या की. टाकी रिकामी करून आणा, आमच्याकडे देवघरात समई चालू असते.