गाडीच्या रेडिएटरशी तुलना नेमकी कुठे तुटते?

‘गाडीचं इंजिन तेच कूलंट वर्षानुवर्षं फिरवतं, मग डेटा सेंटरला एवढं पाणी कशाला?’ या प्रश्नाबद्दल. तत्त्व एकच आहे, पण इंजिनाला मोठी सवलत मिळते. त्याचं कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं. बाहेर ४० असले तरी ५० अंशांचा फरक हाताशी राहतो, म्हणून छोटा रेडिएटर पुरतो. सर्व्हरकडून परतणारं पाणी ५० अंशांचं धरलं तर उरतात फक्त १०. मग तेवढ्याच उष्णतेसाठी रेडिएटर आणि पंखे कैक पटींनी वाढवा, नाहीतर कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ होऊ द्या. पाणी खर्च होतं ते तिथे, चिपजवळच्या बंद चक्रात नाही.

त्या चक्राला मात्र इंजिनापेक्षा जास्त जपावं लागतं. १ किलोवॉट उष्णता १० अंश वाढीत उचलायला मिनिटाला साधारण दीड लिटर पाणी लागतं, आणि ते कोल्ड प्लेटच्या, म्हणजे चिपवर बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या, केसाइतक्या अरुंद खाचांतून जातं. म्हणून ५० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टर हवाच. त्या पाण्यात सहसा २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल (जंतूंना वाढू न देणारा द्रव) मिसळतात. नुसतं पाणी ओतत राहिल्याने हे मिश्रण पातळ झालं की जंतू वाढतात आणि चिकट थर खाचा बुजवतो. तांब्याच्या प्लेटसोबत त्याच चक्रात ॲल्युमिनियमचा जोड अजिबात ठेवू नये.