मदत हवी आहे : आलाप गाताना हातांवरून सिंथेसायझर (सिंथ) चालवायचाय, पण मींड काही केल्या जमत नाहीये

षड्जपंचम :
नमस्कार मंडळी, इथे सोल्डरिंगवाले, पीडी-मॅक्स (आवाज घडवायची सॉफ्टवेअर) वापरणारे आणि गाणारे असे सगळेच आहेत म्हणून धागा काढतेय. लांब झालाय, पण प्लीज पूर्ण वाचा.

मी ख्याल गाते आणि सध्या दरबारीतला एक तुकडा रचतेय. कल्पना अशी की गाणारीच्या दोन्ही मनगटांवर सेन्सरचे पट्टे, ती नेहमीसारखी बसून आलाप करणार, हात आपसूक फिरतात तसेच फिरणार आणि त्या हातांवरून एक दुसरा आवाज चालणार, सिंथचा, तानपुरा आणि गळा यांच्या मधला कुठलातरी. समोर बसलेल्या एका श्रोत्याला व्हीआर हेडसेट, त्याला तो आवाज स्वतःभोवती फिरताना ऐकू येणार आणि हातांनी काढलेली वळणं हवेत रेघांसारखी दिसणार. गाणारीने हेडसेट घालायचा नाही हे पक्कं आहे, क्वेस्ट २ चं वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास आहे, तेवढं कपाळावर घेऊन खर्ज लावायला गेलं की मान आवळते आणि मानेबरोबर गळा.

सेटअप असा : पट्ट्यात ईएसपी३२ (वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर) आणि बीएनओ०५५ (हाताचा कल आणि फिरणं मोजणारा सेन्सर), तिथून वायफायवर ओएससी संदेश, लॅपटॉपवर वेकिनेटर (नमुन्यांवरून शिकणारं मशीन लर्निंगचं सॉफ्टवेअर), वेकिनेटरमधून प्युअर डेटा (पीडी), आवाज तिथे तयार होतो. हेडसेटमधल्या दृश्यांसाठी युनिटी हे सॉफ्टवेअर. वेकिनेटरला मनगटाच्या क्वाटर्नियनचे चार आकडे, म्हणजे हात कसा वळलाय ते सांगणारे, देते, हात अमुक जागी धरला की सा, तमुक जागी कोमल गंधार, असे नमुने रेकॉर्ड करते आणि न्यूरल नेटवर्क ट्रेन करते.

हात स्थिर धरला की सूर बरोबर येतो. मींड घेतली, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत गेलं, की सगळं बिघडतं. मध्यमावरून गंधारावर उतरणं आणि गंधारावरून मध्यमावर जाणं त्याला एकच वाटतं, मधे नुसती सपाट घसरण, आणि दरबारीचा आंदोलित गंधार तर अँब्युलन्सच्या सायरनसारखा येतो, ऐकवत नाही. शिवाय थोड्या वेळाने सगळ्या जागा सरकतात, मॉनिटर स्पीकरजवळ बसलं की जास्तच. कधीकधी हात फिरवताना चारही आकड्यांची चिन्हं एकदम उलटतात आणि सूर उडी मारतो. आणि अधूनमधून अडखळतं, ते वायफाय आहे की अजून काय कळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मशीनला कळावं म्हणून हात वेगळे हलवायचे असतील तर मला ते नकोय. हे हात मला कोणी शिकवले नाहीत, गुरूंसमोर बसून बसून आलेत. संगीत-अभ्यासक मॅथ्यू रहाइम यांनी हिंदुस्थानी गायकांच्या हातांवर मोठा अभ्यास केलाय, त्यातही हेच येतं की हातांच्या लकबी गुरूकडून शिष्याकडे न सांगता उतरतात आणि हात एकेक स्वर दाखवत नाही, स्वरांमधली वाट काढतो. ती वाट मला त्या दुसऱ्या आवाजात हवीय. कसं करू?

खटपट्या :
ताई, भारी प्रोजेक्ट आहे. मी हार्डवेअरपुरतं बोलतो, गाण्यातलं जाणकार सांगतील.

जागा सरकतात ते मॅग्नेटोमीटरमुळे, म्हणजे सेन्सरमधल्या होकायंत्रामुळे. तुमचा बीएनओ०५५ बहुतेक एनडीओएफ मोडमध्ये असणार, त्यात तो उत्तर दिशा शोधत बसतो आणि स्पीकरच्या आत भलंमोठं चुंबक असतं, मग त्याची उत्तर फिरते. आयएमयू मोडमध्ये टाका, तिथे फक्त अ‍ॅक्सिलरोमीटर आणि जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा) वापरतो. आडव्या फिरण्यात थोडा ड्रिफ्ट, म्हणजे हळूहळू सरकणं, येईल, पण तुम्हाला दिशा हवीय कुणाला?

चिन्हं उलटतात ते सेन्सर बिघडलाय म्हणून नाही. क्वाटर्नियनचे चारही आकडे उणे केले तरी फिरणं तेच राहतं, म्हणजे एकाच पोझला दोन पत्ते. आपण डोक्यात जुळवून घेतो, नेटवर्कला ते दोन वेगळे हात वाटतात. माझा सल्ला, क्वाटर्नियन देऊच नका. हाच सेन्सर ग्रॅव्हिटी व्हेक्टर वेगळा देतो, तीन आकडे, खाली कुठे आहे ते सांगणारे. त्याला जायरोचे तीन जोडा. आडवा ड्रिफ्ट झाला तरी खाली ते खालीच राहतं, त्यामुळे नमुने दुसऱ्या दिवशीही चालतात. आणि जायरोमुळे हात कुठे आहे याच्याबरोबर कुठल्या बाजूला किती वेगाने चाललाय तेही कळतं, चढ-उताराचा तुमचा अर्धा प्रश्न इथेच सुटेल असं वाटतं.

अडखळण्याचं कारण ईएसपी३२ चा वायफाय वीज वाचवायला मधेमधे झोपतो. कोडमध्ये वायफाय डॉट सेटस्लीप फॉल्स ही एक ओळ टाका, फरक लगेच दिसेल, बॅटरी मात्र लवकर संपेल. स्वतःचा छोटा राउटर न्या, सभागृहाच्या नेटवर्कवर अजिबात अवलंबून राहू नका.

षड्जपंचम :
दादा खूप खूप आभार. एनडीओएफच होता. मोड बदलला आणि झोपेची ओळ टाकली, अडखळणं जवळजवळ गेलं. आता ग्रॅव्हिटी आणि जायरोवर ट्रेन करून बघते.

उत्तरसमुद्र :
नेदरलँड्समधून लिहितोय, इथे हे वेड जुनं आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या स्टाइम या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत मिशेल वायस्विझ यांनी १९८४ मध्ये दोन्ही हातांत घालायचं द हँड्स हे वाद्य केलं आणि पुढे कित्येक वर्षं तेच वाजवलं. लेटिशिया सोनामी यांचा सेन्सरवाला हातमोजा १९९१ चा, त्यांनी नंतरच्या स्प्रिंग स्पायर नावाच्या वाद्यात मशीन लर्निंग घेतलं. तेव्हा तुमची वाट चुकलेली नाही, फक्त एक प्रश्न मुळातून वेगळा विचारून बघा.

हातावरून सूर का ओळखायचा? तुम्ही गाताय की! सूर माइकमध्ये आहेच. पीडीत सिग्मंड नावाचं ऑब्जेक्ट आहे, मिलर पकेट यांचंच, पीडी ज्यांनी केलं ते, त्याला आवाज दिला की पिच मिळते. हाताला ते काम द्या जे माइकला कळत नाही, म्हणजे ताण, ओढ, जोर. स्टेला पास्कालिडू यांनी धृपदियांच्या हातांचा अभ्यास केलाय, गायक जणू रबर ताणतोय किंवा जड वस्तू ढकलतोय अशा हालचाली करतो, आणि त्या ताणाचा गाण्याशी संबंध आहे पण हात अमुक उंचीवर म्हणजे अमुक सूर असं सरळ गणित नाही. तुमचं मॉडेल नेमकं तेच गणित शिकायचा प्रयत्न करत होतं.

आता काळाचं. वेकिनेटरमधलं न्यूरल नेटवर्क फक्त आत्ताचा क्षण बघतं, हात कुठून आला ते त्याला माहीतच नसतं. मागचा अर्धा सेकंद सगळा द्यायचा तर १०० हर्ट्झने ५० वाचनं, प्रत्येकी सहा आकडे, झाले ३०० इनपुट, थोड्या नमुन्यांवर हे शिकणं अशक्य. त्यापेक्षा प्रत्येक आकड्याच्या तीन सरासऱ्या काढा, एक ५० मिलिसेकंदांची चपळ, एक पाव सेकंदाची, एक सेकंदभराची आळशी. सहा त्रिक अठरा इनपुट. चपळ आणि आळशी यांच्यात जो फरक असतो त्यात हात कुठून आला ते येतं. वेकिनेटरमध्ये डीटीडब्ल्यू (हालचालीचा नमुना जुळवणारी पद्धत) पण आहे, पण ते हालचाल ओळखून झाली की सांगतं, मींड चालू असताना त्याचा उपयोग नाही. इरकाम या पॅरिसच्या संगीत-संशोधन संस्थेचं मुबू चालू हालचालीतच कुठवर आलो ते सांगतं, पण त्याला मॅक्स लागतं, पीडी सोडायचं नसेल तर फ्लुकोमा या साधनसंचातला एमएलपी रिग्रेसर (तेही न्यूरल नेटवर्कच) बघा.

आणि पोझ धरून ट्रेन करणं बंद करा. वेकिनेटर करणाऱ्या रिबेका फीब्रिंक यांचीच एक पद्धत आहे, आधी आवाज ठरवून वाजवायचा आणि त्याच्याबरोबर हात हलवत नमुने गोळा करायचे. तुम्ही स्वतःचा आलाप रेकॉर्ड करा, सिंथचे ताणाचे आकडे त्यावर हाताने बसवा, मग तो ऐकत बसा आणि हात जसे जातात तसे जाऊ द्या. हात बदलायचे नाहीत ही तुमची अट त्यातून पाळली जाते.

कोमलनिषाद :
मी बाजाच्या पेटीवर साथ करतो, तंत्रातलं फार कळत नाही, पण एक शंका आहे. सूर माइकमधून घेतला तर तो आवाज गळ्याच्या मागे मागे धावणार, मग ती नुसती सावली होईल. बाईंना स्वतंत्र आवाज हवाय ना?

षड्जपंचम :
काका, तुमची शंका वाचून खूप विचार केला आणि मला वाटतं उत्तर साथीतच आहे. सारंगीवाले गळ्यामागून येतात, पण सावली नसतात, ते काय घ्यायचं, काय सोडायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवतात. मग सूर माइकमधून, पण तो आवाज लगेच यायला नको, मागूनच यावा, आणि किती मागून हे हाताने ठरवावं. हात ओढला की उशीर वाढतो, सोडला की आवाज गळ्याला येऊन मिळतो.

उत्तरसमुद्रदादा, तुमच्या तीन सरासऱ्यांनी कमाल केली. आता नेटवर्क फक्त ताण देतं, शून्य ते एक, आणि त्याच्यावर उशीर आणि फिल्टर चालतं. आंदोलित गंधार पहिल्यांदा गंधारासारखा लागला, कारण तो आता माझ्याच गळ्यातून येतो आणि हाताचं झोके घेणं त्याच्या रंगात दिसतं. ज्याची मी इतकी वाट बघत होते ते ऐकून खरंच खूप आनंद झाला.

दोन अडचणी राहिल्यात. खर्जात सिग्मंड चुकीचा सप्तक पकडतो. आणि स्पीकरमधला सिंथ परत माइकमध्ये जातो, मग तो स्वतःचाच पाठलाग करतो.

उत्तरसमुद्र :
खर्जासाठी सिग्मंडची विंडो, म्हणजे एका वेळी तो आवाजाचा जेवढा तुकडा बघतो ती, मोठी करा, २०४८ सॅम्पल. ४८ किलोहर्ट्झला त्याचे साधारण ४३ मिलिसेकंद होतात. वाद्यासाठी हे खूप आहे, वेसेल आणि राइट या संशोधकांनी २००१ मध्ये हाताने वाजवायच्या गोष्टींना १० मिलिसेकंदांच्या उशिराची मर्यादा सांगितली होती, आणि त्यात चढउतार एका मिलिसेकंदाहून जास्त नको. पण तुमचा सूर मुद्दामच मागून येतोय, त्याला ४३ चालतील. हाताची वाट मात्र जलद ठेवा, हात सोडला आणि आवाज उशिरा सुटला तर ते लगेच जाणवतं. त्यामुळे ५० वाल्या सरासरीच्या जोडीला जायरोचं कच्चं वाचनही सरळ फिल्टरला जोडा, मधे नेटवर्क नको.

माइकसाठी गळ्याला चिकटणारा कॉन्टॅक्ट माइक फक्त पिचसाठी वापरा. ऐकायचा माइक वेगळा. तानपुरापण त्यात येणार नाही.

कोमलनिषाद :
वा, हात ओढला की उशीर, हे पटलं. पण तार सप्तकात तो उशीर कमी ठेवा, वरच्या षड्जावर साथ मागे राहिली की गाणाऱ्याला एकटं वाटतं, माझा अनुभव आहे.

षड्जपंचम :
हे लक्षातच आलं नव्हतं काका, पिच वर गेली की उशिराची कमाल मर्यादा खाली आणते, पीडीत सोपं आहे. आता शेवटचा प्रश्न, व्हीआरचा. श्रोत्याला आवाज हेडसेटच्या स्पीकरमधून द्यावा का? आणि माझ्या हातांच्या जागा हेडसेटच्या कॅमेऱ्यांनी घेता येतील का, म्हणजे रेघा नीट काढता येतील?

खटपट्या :
कॅमेऱ्यांच्या नादी लागू नका. हेडसेटचं हँड ट्रॅकिंग हेडसेट घालणाऱ्याच्याच हातांसाठी आहे, समोरच्याच्या नाही. रेघांना अचूक जागा लागतही नाही, ग्रॅव्हिटीवरून कल आणि जायरोवरून वेग घ्या, त्यावर रेघेचं वळण आणि जाडी. तुमच्या तुकड्यात वळण महत्त्वाचं आहे, सेंटिमीटर नाही.

आवाज हेडसेटमधून नको. आवाज वायफायवरून पाठवला की उशीर आलाच. उलटं करा, युनिटीतून श्रोत्याच्या डोक्याचं फिरणं ओएससीने पीडीला पाठवा, बायनॉरल, म्हणजे दोन कानांसाठी आवाज भोवती फिरवणं, तिथेच करा आणि ऑडिओ इंटरफेसमधून लांब वायरचा हेडफोन श्रोत्याला द्या. बसूनच ऐकायचंय, वायर आड येत नाही. हेडफोन मागून उघडा असलेला घ्या, म्हणजे तुमचा खरा गळाही त्याला समोरून ऐकू येईल. राउटरवर हेडसेट ५ गिगाहर्ट्झला जोडा, पट्टे २.४ वरच चालतात, म्हणजे दोघं एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत. २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो, आणि हे लोक आत येऊन बसल्यावर परत तपासा, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो.