५ कोटींची नोटीस आलीये, बातमी काढू की ठेवू?

कुर्ल्याची_बातमीवाली
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका समजून घ्या. मी आणि माझे दोन मित्र गेली अडीच वर्षं कुर्ला-चुनाभट्टी भागातल्या बातम्यांची एक छोटी वेबसाइट चालवतो, जोडीला व्हॉट्सअ‍ॅप चॅनल. पाणी कधी येणार, रस्ता परत का खोदला, कुठल्या शाळेत वर्षभर गणिताचे सर नाहीत, असलं सगळं, ज्याला मोठ्या पेपरात दोन ओळी पण मिळत नाहीत. मे महिन्यात नालेसफाईवर बातमी केली. माहिती अधिकारात वजनकाट्याच्या पावत्या मिळाल्या होत्या, १४० पानं, ती घरात खाली पसरून तीन रात्री बसलो. एकाच नंबरचा डंपर गाळ भरून मुंब्र्याच्या पुढे जातो, रिकामा होऊन परत येतो आणि परत भरून काट्यावर उभा राहतो, आणि दोन पावत्यांमध्ये अंतर किती तर १९ मिनिटं. इथे सायन सर्कल क्रॉस करायला तेवढा वेळ लागतो. कंत्राटदाराला दोन मेल केले, फोन केला, उत्तर नाही. बातमी टाकली आणि बारा दिवसांनी थेट वकिलाची नोटीस, ५ कोटींची बदनामी झाली, ७ दिवसांत बातमी काढा आणि जाहीर माफी मागा. आमच्या खात्यात आज ३८ हजार आहेत. आई म्हणते काढून टाक बाई, उद्या दारात माणसं येऊन उभी राहिली तर? मित्र म्हणतो काढली तर पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी नोटीस पाठवणार, सवयच लागेल त्यांना. मला दोघांचंही पटतंय हाच प्रॉब्लेम आहे. आपल्यासारख्या देशात ज्याच्यामागे मोठा मालक नाही त्याने पत्रकारिता करायची तरी कशी?

घाटकोपरचा_मन्या
राग मानू नकोस पण स्पष्ट बोलतो. पत्रकार म्हटलं की मला आमच्या एरियातला तो एक जण आठवतो, अनधिकृत बांधकामाचे फोटो काढायचा आणि फोटो छापायचे नाहीत म्हणून पैसे घ्यायचा. निवडणुकीत पॅकेज, एरवी जाहिरात. २०२५ च्या त्या प्रेस फ्रीडमच्या यादीत १८० देशांत आपण १५१ वे, त्यात सरकारचा दोष असेलच पण तुमच्या जमातीचा काहीच नाही का? तुझ्यामागे दुसरा कंत्राटदार नाही हे आम्ही कशावरून मानायचं?

कुर्ल्याची_बातमीवाली
@मन्या कशावरून ते तूच ठरव, १४० पानं मेल करते. वाच आणि सांग.

फोर्टातला_वकील
ताई, पहिलं म्हणजे नोटीस म्हणजे खटला नव्हे. नोटिशीत ५ कोटी लिहायला शाई सोडून काही लागत नाही, दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या हिशोबाने कोर्ट फी भरावी लागते, आणि तिथे अर्धे शूर गळतात. बऱ्याच नोटिशा दावा लावायला नसतातच, तुमची झोप उडवायला असतात. पण उत्तर द्यायचंच, वकिलामार्फत, मुदतीच्या आत, थोडक्यात. गप्प बसू नका.

दिवाणीत खरं बोलणं हा पुरेसा बचाव आहे. फौजदारीत (भारतीय न्याय संहिता कलम ३५६, जुनं ४९९-५००, दोन वर्षांपर्यंत साधी कैद) नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. नालेसफाई लोकहितात बसत नसेल तर मग काहीच बसत नाही. तुमचे कागद महापालिकेचे आहेत ही मोठी गोष्ट. १९९४ च्या राजगोपाल निकालात सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक दस्तऐवजावर आधारलेल्या लिखाणाला संरक्षण दिलंय. कंत्राटदार सरकारी अधिकारी नव्हे, त्यामुळे त्या निकालातलं सगळंच इथे लागू होईल असं नाही, पण हा भाग कामाचा आहे. आणि समजा ते कोर्टात जाऊन तुम्हाला न ऐकताच बातमी उतरवायचा आदेश मागायला लागले, तर सुप्रीम कोर्टाचा मार्च २०२४ चा ब्लूमबर्ग-झीचा निकाल वकिलाला दाखवा, असे आदेश अपवादानेच द्यायचे असं त्यात स्पष्ट आहे.

आता कडू भाग. फौजदारी बदनामी घानाने २००१ मध्ये रद्द केली, श्रीलंकेने २००२ मध्ये. आपल्याकडे २०१६ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. म्हणजे तुम्ही शेवटी सुटलात तरी दर तारखेला दिवस मोडून कोर्टात बसायचं, शिक्षा ती तारीखच असते. आणि एक, इथे त्या कंत्राटदाराबद्दल आता एक अक्षर जास्त लिहू नका. कोणीच. हे मन्या तुम्हालाही.

राजापूर_ते_डोंबिवली
वकीलसाहेबांचं बरोबर आहे पण नोटीस येते म्हणजे अजून कायद्याच्या आतलं भांडण आहे हो ताई, आमच्याकडे नोटीस पण येत नाही. मी नऊ वर्षं तालुका प्रतिनिधी होतो, आता डोंबिवलीत राहून वेगळीच नोकरी करतो. तालुका प्रतिनिधी म्हणजे काय तर पेपरचं ओळखपत्र, पगार जवळपास शून्य, बातमीमागे काहीतरी किरकोळ आणि जाहिरातीवर कमिशन. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि आमदारांचा वाढदिवस, चार पुरवण्यांचं टार्गेट, म्हणजे सकाळी ज्याच्या क्रशरच्या धुळीची बातमी लिहायची त्याच्याकडेच संध्याकाळी पाव पान शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं आणि तो चहा पाजून हसत हसत विचारणार, काय पत्रकार, धूळ बसली का? मी सांगतो, माझ्या बातम्या कोणी दाबल्या नाहीत. मीच लिहिल्या नाहीत. सेन्सॉर वगैरे नंतरच्या गोष्टी.

आणि जो लिहायचा त्याचं काय झालं ते राजापुरात सगळ्यांना माहितीये. शशिकांत वारिसे, बारसूच्या रिफायनरीबद्दल लिहायचे. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी बातमी छापून आली, त्याच दिवशी गाडीखाली घातलं, दुसऱ्या दिवशी गेले. आपल्या राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्धचा कायदा २०१७ चा आहे हं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात, पण कायदा माणूस पडल्यावर पंचनाम्याला येतो. वकीलसाहेब, श्रीलंकेत ते कलम २००२ ला गेलं, बरोबर, आणि २००९ च्या जानेवारीत संडे लीडरचे संपादक लसंथा विक्रमतुंगे ऑफिसला जात असताना भर सकाळी रस्त्यात मारले गेले. तुमच्या मुंबईत २०११ मध्ये पवईला पत्रकार जे डे. ते तर मोठ्या पेपरातले.

म्हणून एकच सांगतो, कागद एकट्याच्या घरात ठेवू नका. त्या १४० पानांच्या कॉपी आजच आणखी चार पत्रकारांकडे जाऊ द्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या, आणि जमलं तर तीच बातमी त्यांनाही करू द्या. मारलेल्या किंवा अडकवलेल्या पत्रकाराचं अर्धं राहिलेलं काम इतरांनी मिळून पुरं करायचं यासाठी फॉरबिडन स्टोरीज म्हणून फ्रान्समधून एक गट चालतो, २०१७ पासून. त्यामागचा हिशोब साधा आहे, एकाला गप्प करून बातमी थांबत नाही हे समोरच्याला आधीच कळलं पाहिजे. आमच्याकडे उलटं. दुसऱ्या पेपरची बातमी म्हणून आम्ही हात लावायचो नाही. एक्सक्लुझिव्हच्या हौसेपायी माणूस एकटा पडतो.

गिरगावचा_मुद्रितशोधक
बाळ, मी ३४ वर्षं प्रूफं तपासली, छपाईच्या खिळ्यांच्या काळापासून, त्यामुळे माझं लक्ष अक्षराकडेच जातं. फिलिपिन्सच्या पत्रकार मारिया रेसांना पुढे २०२१ ला नोबेल मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक. त्यांच्यावरचा खटला काय होता पाहा. रॅपलर या त्यांच्या वेबसाइटवर बातमी आली मे २०१२ मध्ये, तेव्हा सायबर बदनामीचा कायदाच झाला नव्हता. २०१४ मध्ये कोणीतरी त्या बातमीतला एका शब्दाचा टायपो दुरुस्त केला, एक अक्षर, बस. आणि कोर्टात म्हणे ते नव्याने प्रकाशन ठरलं, म्हणून नवा कायदा लागू! जून २०२० ला दोषी ठरवलं. हे वाचल्यावर मी दोन रात्री झोपलो नाही. जन्मभर जे पुण्य समजून केलं त्याच्यावर खटला?

तेव्हा तुझ्या बातमीला आता हात लावू नकोस. शुद्धलेखन चुकलेलं असलं तरी राहू दे (आहेच चुकलेलं, 'परिस्थिती'ची वेलांटी). आजच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव. कंत्राटदाराचा खुलासा आला तर तो बातमीखाली वेगळा, तारीख घालून.

दुसरं, कागद. १८८२ साली टिळक-आगरकर आपल्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, ते राजद्रोहासाठी नव्हे, बदनामीसाठीच. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं ती पत्रं बनावट निघाली. हेतू चांगला, कागद खोटा. तुझ्या पावत्या माहिती अधिकारातून शिक्क्यासकट आल्या असतील तर तू त्या दोघांपेक्षा भक्कम जागेवर आहेस. झेरॉक्स कोणी हातात आणून दिली असेल तर मात्र विचार कर. आणि त्यांना जामीन कोण राहिलं ठाऊक आहे? जोतीराव फुल्यांनी खटपट केली आणि रामशेठ उरवणे उभे राहिले. विचारांनी ही मंडळी काही एका पंक्तीतली नव्हती. तुला जामीन कोण राहील याची यादी आज कर, बातमीचं नंतर बघू.

फोर्टातला_वकील
काका, टायपोचं लाख बोललात. आपल्याकडे बदनामीच्या दाव्याची मुदत एक वर्ष आहे आणि ती पहिल्या प्रकाशनापासून मोजावी असं दिल्ली हायकोर्टाने २०१३ ला म्हटलंय, पण मुंबईत कोणी वेगळा मुद्दा काढणारच नाही याची खात्री मी देणार नाही. हात लावू नका हेच बरं. माहिती अधिकारातून मिळालेले सगळे कागद पण जपा, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(j) बदलून ठेवलंय, 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं आता सोपं झालंय.

कुर्ल्याची_बातमीवाली
सगळ्यांना एकदम उत्तर देतेय. काका, पावत्या शिक्क्याच्याच आहेत, पाकीट पण ठेवलंय. वेलांटी तशीच ठेवली, रोज बघून त्रास होतो. नोटिशीला उत्तर गेलं, एका वकील ताईंनी फी न घेता लिहून दिलं, दीड पान. बातमी काढलेली नाही. डोंबिवलीच्या दादांनी सांगितल्यावर कागद चार ठिकाणी पाठवले, त्यातल्या एका ठिकाणी म्हणाले आम्हाला नको, आमच्याकडे त्यांची जाहिरात असते. तोंडावर सांगितलं तेवढं तरी. काल चॅनलवर वाचकांना विचारलं, महिन्याला ५० रुपये द्याल का, तर रात्रीपर्यंत ६१ जण. आमच्याच बिल्डिंगमधल्या तिघांनी दिले आणि वर सांगितलं, नाव टाकू नकोस. आईला अजून झोप नाही, दाराला आतून दोन कड्या लावते.

घाटकोपरचा_मन्या
काल रविवार होता म्हणून ती पानं घेऊन बसलो, चूक काढायलाच बसलो होतो खरं सांगतो. १९ मिनिटं तर आहेतच. पण पान ९३ आणि पान ११८ शेजारी ठेवून बघ, तारीख बघ, वेळ बघ, गाडी नंबर बघ, आणि मग कुठल्या नाल्याचा गाळ लिहिलाय ते बघ. एवढंच बोलतो, वकीलसाहेब ओरडतील. बाकी ५० रुपये कुठे पाठवायचे?