‘स्टँडर्ड’ला मराठीत काय म्हणाल?

खोडरबर: दिवाळी अंकासाठी जॅझ ट्रॉम्बोनवादक कर्टिस फुलरच्या १९५९ च्या ‘ब्लूज-एट’ या रेकॉर्डवर लिहितेय. एकूण सहा रचना. मी लिहिलं, ‘दोन स्टँडर्ड आणि चार मूळ’. जॅझमध्ये स्टँडर्ड म्हणजे अनेक कलाकार पुन्हा पुन्हा वाजवतात ती जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली रचना; मूळ म्हणजे ‘ओरिजिनल’, वाजवणाऱ्या चमूतल्याच कुणीतरी केलेली. आईनं वाचून विचारलं, ‘‘म्हणजे दोनच बऱ्या, आणि त्याही ढापलेल्या?’’

कानसेन: आईंचं काय चुकलं? स्टँडर्ड म्हणजे आपल्याकडे दर्जेदार, नाहीतर चौथी इयत्ता. आणि ‘मूळ’ म्हणजे आधीचं: मूळ चाल, मूळ गाव. त्या रेकॉर्डवरची ‘अनडिसायडेड’ चार्ली शेव्हर्सची, १९३८ ची. त्या हिशोबानं मूळ तीच! बाकीच्यांना ‘स्वरचित’ म्हणा.

खोडरबर: तेही बसत नाही ना. ‘ब्लूज-एट’ आणि ‘ट्वेल्व्ह-इंच’ फुलरच्या. ‘फाइव्ह स्पॉट आफ्टर डार्क’ आणि ‘मायनर व्हॅम्प’ मात्र टेनर सॅक्सोफोनवाल्या बेनी गोल्सनच्या. यातला ‘स्व’ कुणाचा?

ठेचाभाकर: ‘नव्या’ म्हणा अन् सुटा. स्टँडर्डला ‘बंदिश’. चीज एकच, पण जो तो आपल्या परीनं खुलवतो.

कानसेन: बंदिश काल बांधलेलीही असते. ‘रुळलेली’ कसं वाटतं?

व्याकरणकाका: ‘प्रमाण रचना’. प्रमाणभाषा चालते ना?

ठेचाभाकर: तुम्हाला चालते. आम्ही याच शब्दापायी वहीभर लाल रेघा खाल्ल्या.

व्याकरणकाका: ते सोडा, आधी ट्रॉम्बोनचं बघा. इटालियनमध्ये ट्रोम्बा म्हणजे ट्रम्पेट, पुढचा ‘ओने’ म्हणजे मोठा. आपण मोठेपणा लिंगानं दाखवतो: सुरी-सुरा, पळी-पळा. तसाच तुतारी-तुतारा!

कानसेन: तुतारीला सरकती नळी कुठंय? ट्रॉम्बोनची सगळी मजा त्यातच आहे. मींड काढल्यासारखा सूर घसरतो.

व्याकरणकाका: मींड सतारीवरही निघते. तिला ट्रॉम्बोन म्हणता का?

ठेचाभाकर: आमच्या गल्लीत वरातीचा बँड आला की या वाद्यासमोर पोरं उभी राहत नसत. नळी थेट पोटात! आम्ही त्याला ‘पंप’ म्हणायचो. सायकलचा असतो ना, तस्सा.

खोडरबर: ‘पंपवादक कर्टिस फुलर’ लिहू का मग? अहो, स्टँडर्डचं काय? लेख उद्या द्यायचाय.

कानसेन: पंप इंग्रजी आहे.

ठेचाभाकर: अन् बँड?

व्याकरणकाका: तुतारा पुल्लिंगी हं. ‘तो’ तुतारा.