आपसात मिटवायची घाई नको

रस्त्यावर गाडीला कोणी ठोकलं तर काय करावं, यावर वर एकांनी लिहिलंय, "खरचटलंच आहे ना, पाच हजार घ्या आणि मोकळे व्हा." कृपा करून असं करू नका. पुण्यात नवले पुलाजवळ आमच्या गाडीला टेम्पोने मागून ठोकलं, तेव्हा बायको स्वतःच्या पायांनी खाली उतरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून मान उचलता येईना. पहिल्याच दिवशी दवाखान्यात अपघात सांगून एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्यातली नोंद) नोंदवली होती, म्हणून पुढे भरपाईचा क्लेम उभा राहिला. १०८ ला फोन, नंबरप्लेटसकट फोटो आणि पोलिसांत नोंद, एवढं कराच. पैशांसाठी उपचार लांबवू नका. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायच्या दाव्याला कायद्यात ६ महिन्यांचीच मुदत लिहिली आहे, तेव्हा वकील लवकर गाठा.